वाचकांच्या शंका : मायनर सेव्हन्थमधला हललेला पंचम

मायनर सेव्हन्थ कॉर्डवर आलेली बरीचशी पत्रं एकाच जागी अडली आहेत: पंचम खाली किंवा वर सरकला की कॉर्ड कशी बांधायची आणि बोटं कुठे ठेवायची. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे. कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांत पेटी वाजवणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे गरज पडेल तिथे पट्ट्यांची दोन्ही नावं दिली आहेत. सी म्हणजे पांढरी एक, सी शार्प किंवा डी फ्लॅट म्हणजे काळी एक, डी म्हणजे पांढरी दोन, असं करत बी म्हणजे पांढरी सात. बोटांचे आकडे पियानोच्या रिवाजाप्रमाणे आहेत: दोन्ही हातांचा अंगठा १, करंगळी ५.

प्रश्न : मायनर सेव्हन्थ मला येते. पण गाण्याच्या कॉर्डशीटवर कधी पुढे ‘फ्लॅट फाइव्ह’ आणि क्वचित ‘शार्प फाइव्ह’ लिहिलेलं असतं. बारा पट्ट्यांवरच्या या चोवीस कॉर्ड्स पाठ करायच्या का? (एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

पाठ करू नका, मोजा. काळी-पांढरी असा भेद न करता लागून असलेली प्रत्येक पट्टी एक सेमीटोन धरा. साध्या मायनर सेव्हन्थची मोजणी ३, ४, ३ अशी असते. सीपासून तीन पट्ट्या वर ई फ्लॅट, तिथून चार वर जी, तिथून तीन वर बी फ्लॅट. आता फक्त पंचम, म्हणजे जी, एक पट्टी खाली आणा. मोजणी ३, ३, ४ होते आणि कॉर्ड होते सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट. हीच सी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह. तिला हाफ डिमिनिश्डही म्हणतात आणि काही ठिकाणी ती नुसत्या तिरक्या रेघेच्या छोट्या वर्तुळाने लिहितात. पंचम खाली न आणता एक पट्टी वर नेला तर मोजणी ३, ५, २ होते: सी, ई फ्लॅट, जी शार्प, बी फ्लॅट.

तिन्ही मोजण्यांची बेरीज १० आहे. म्हणजे सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर तिन्ही कॉर्ड्समध्ये तेच राहतात आणि वरचा स्वर पुढच्या सप्तकातल्या मूळ स्वराच्या दोन पट्ट्या अलीकडे येतो. तपासायची सोपी खूण हीच. तुमची करंगळी तिथे नसेल तर मोजताना चूक झाली आहे. चूक होते ती बहुधा दोन प्रकारांनी. एक तर मूळ पट्टीलाच ‘एक’ म्हटलं जातं. ती शून्य आहे. तिच्या पुढची पट्टी एक. दुसरं, ई आणि एफ तसंच बी आणि सी यांच्यामध्ये काळी पट्टी नाही हे मोजण्याच्या ओघात निसटतं, आणि मग डीवरची कॉर्ड डी, एफ, ए फ्लॅट, सी होण्याऐवजी भलतीकडेच जाते.

मोजणी पक्की झाली की एक आडवाट वापरा. फ्लॅट फाइव्हच्या कॉर्डमध्ये मूळ स्वर झाकला तर वरचे तीन स्वर म्हणजे साधी मायनर कॉर्ड असते, मूळ स्वराच्या तीन पट्ट्या वरची. डीवर हवी असेल तर डावीकडे डी आणि वर एफ मायनर. एवर हवी असेल तर ए आणि वर सी मायनर. शार्प फाइव्हमध्ये मेजर कॉर्ड लपलेली आहे: सीवरच्या कॉर्डमधले सी, ई फ्लॅट आणि वर सरकलेला पंचम मिळून ए फ्लॅट मेजर होते आणि त्यात बी फ्लॅटची भर पडते. साध्या मायनर-मेजर कॉर्ड्स ज्याच्या हातात बसल्या आहेत, त्याला चोवीसही कॉर्ड्स इथूनच मिळतात.

पेटीवरच्या कानाला आणखी एक वाट आहे. पांढरी एकला षड्ज धरलात तर फ्लॅट फाइव्हचे स्वर सा, कोमल ग, तीव्र म, कोमल नी असे येतात. मधुकंसातून पंचम वगळला की उरतात ते हेच. शार्प फाइव्हचे स्वर सा, कोमल ग, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मध्यम वगळलेला मालकंस. कोल्हापूरच्या वाचकाला मालकंस वेगळा ऐकवायला नको. कॉर्ड बरोबर बांधली आहे की नाही हे त्यांना बोटांच्या आधी कानच सांगेल.

सरावाचा क्रम काळ्या पट्ट्यांवरून लावा. फ्लॅट फाइव्हची बीवरची कॉर्ड पूर्ण पांढरी आहे: बी, डी, एफ, ए. डी, ई, ए, सी शार्प आणि एफ शार्प यांवरच्या कॉर्ड्समध्ये एकच काळी पट्टी येते. एफ, जी आणि जी शार्पवर दोन, तर सी, डी शार्प आणि बी फ्लॅटवर तीन-तीन. बहुतेक जण सीपासून सुरुवात करतात आणि नेमकी तीच हाताला सर्वांत अवघड तिघींपैकी एक आहे. बीपासून सुरू करा.

प्रश्न : सी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह वाजवताना उजव्या हाताची करंगळी बी फ्लॅटवरून घसरते, नाहीतर शेजारच्या पांढऱ्या पट्टीलाही लागते. हात लहान आहे. बोटं बदलू का? (एक वाचक, शाहूपुरी)

बोटं बरोबर असतील तर बदलू नका, हाताची जागा बदला. मूळ स्थितीत उजव्या हाताला १, २, ३, ५ हीच बोटं योग्य: सीवर अंगठा, ई फ्लॅटवर तर्जनी, जी फ्लॅटवर मधलं बोट, बी फ्लॅटवर करंगळी. शेवटचा स्वर अनामिकेने घ्यायचा मोह होतो, कारण ती लांब आहे. पण जी फ्लॅट आणि बी फ्लॅट यांच्यात चार सेमीटोन आहेत आणि ३ व ४ ही बोटं तेवढी फाकत नाहीत. फाकवली तर मनगट आखडतं आणि पुढच्या कॉर्डला उशीर होतो.

घसरण्याचं कारण बहुतेक वेळा असं असतं: पियानोची काळी पट्टी पांढरीच्या पुढच्या कडेपासून सुमारे पाच सेंटीमीटर आत सुरू होते. हात पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेवर ठेवला तर लांब बोटं कशीबशी काळ्यावर पोचतात आणि आखूड करंगळी तिच्या टोकावर लटकते. सगळा हात आत सरकवा, इतका की अंगठा सीवर असूनही त्याचं टोक काळ्या पट्ट्यांच्या तोंडाशी येईल. कोपर शरीरापासून थोडं बाहेर घ्या, म्हणजे करंगळी पट्टीच्या रेषेत सरळ येते. करंगळीचं शेवटचं पेर आत मोडू देऊ नका. ती लांब ठेवा आणि तिचा मांसल भाग पट्टीवर टेकवा. फार आतही जाऊ नका, कारण पट्टी जितकी आत दाबाल तितकी जड लागते आणि मग अंगठ्याचा स्वर दबका येतो.

सीपासून बी फ्लॅटपर्यंतचं अंतर साधारण चौदा सेंटीमीटर आहे. सप्तक पुरं करण्यापेक्षा ते पावणेतीन सेंटीमीटरने कमी आहे, त्यामुळे सप्तक धरू न शकणारा हातही ही कॉर्ड बहुधा धरतो. आवाज न करता सराव करा. आधी २, ३, ५ ही बोटं तिन्ही काळ्या पट्ट्यांवर टेकवा, मग अंगठा सीवर ठेवा, आणि चारही पट्ट्या एकदम दाबा. अंगठा आधी ठेवून बाकीची बोटं शोधत गेलात तर हात पुन्हा कडेवरच राहतो.

डाव्या हाताला ५, ३, २, १ किंवा ५, ४, २, १ यांपैकी जे सैल वाटेल ते घ्या. इथे अंगठा काळ्या पट्टीवर येतो. स्केल वाजवताना ते टाळतात, कॉर्डमध्ये टाळायचं कारण नाही.

इन्व्हर्जनसाठी, म्हणजे मूळ स्वराऐवजी दुसरा स्वर सर्वांत खाली ठेवून तीच कॉर्ड वाजवण्यासाठी, एकच नियम लक्षात ठेवा: जे दोन स्वर दोनच सेमीटोनच्या अंतरावर येतात त्यांना लागून असलेली बोटं द्या. अशी जोडी म्हणजे सातवा स्वर (इथे बी फ्लॅट) आणि मूळ स्वर. पहिल्या इन्व्हर्जनमध्ये, ई फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट, सी, ही जोडी वर येते. उजवा हात १, २, ४, ५ आणि डावा ५, ४, २, १. दुसऱ्यात, जी फ्लॅट, बी फ्लॅट, सी, ई फ्लॅट, ती मध्ये येते. उजवा १, २, ३, ५ आणि डावा ५, ३, २, १. तिसऱ्यात, बी फ्लॅट, सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट, ती खाली जाते. उजवा १, २, ३, ५ आणि डावा ५, ४, २, १. शार्प फाइव्हच्या मूळ स्थितीत सरकलेला पंचम आणि सातवा स्वर जवळ येतात, म्हणून तिथे उजव्या हाताला १, २, ४, ५ आणि डाव्याला ५, ४, २, १. ई फ्लॅट ते जी शार्प हे पाच सेमीटोनचं अंतर २ आणि ४ सहज घेतात. २ आणि ३ ला ते ताणून घ्यावं लागतं.

एवढं करूनही हात ताणला जात असेल तर कॉर्ड दोन हातांत वाटा: डाव्यात मूळ स्वर आणि सातवा, उजव्यात तिसरा आणि बदललेला पंचम. सोबत बास वाजवणारा असेल तर मूळ स्वर सोडलात तरी चालतो. पंचम मात्र सोडू नका. तो सोडला की उरलेले तीन स्वर आणि साधी मायनर सेव्हन्थ यांत फरकच राहत नाही.

प्रश्न : भजनी मंडळात बरीच वर्षं पेटी वाजवतो. आता डिजिटल पियानो घेतलाय. कॉर्डचे चार स्वर एकदम वाजत नाहीत, फरफटत येतात, आणि डावा हात तर चालतच नाही. (एक वाचक, इचलकरंजी)

पेटीत पट्टी दाबल्यावर हवा आतल्या सुराच्या पातीपर्यंत (रीड) जाते आणि स्वर उमलत येतो, त्यामुळे चार बोटं थोडी मागेपुढे पडली तरी ते झाकलं जातं. पियानोत हातोड्याचा घाव बसतो आणि घावांमधला थोडासाही फरक ऐकू येतो. पियानोची पट्टी साधारण दहा मिलीमीटर खाली जाते आणि हलकेच दाबायलाही सुमारे पन्नास ग्रॅमचा भार लागतो. वजनदार पट्ट्यांचे डिजिटल पियानो याच मापाच्या जवळ जाणारे असतात. पेटीच्या पट्ट्या त्यापेक्षा हलक्या, अरुंद आणि उथळ, त्यामुळे तुमची बोटं कमी खोलीला सरावलेली आहेत.

उपाय बोटांच्या जोरात शोधू नका. चारही बोटं पट्ट्यांवर आधी टेकवून ठेवा, मनगट सैल सोडा आणि पुढच्या बाहूचं वजन एकदम खाली जाऊ द्या. पट्टी तळाला टेकली की दाब लगेच सोडा, पण बोट उचलू नका. पेटीवर स्वर टिकवायला भात्याची हवा लागते, इथे घाव बसल्यावर दाबून काहीच मिळत नाही. उलट मनगट दुखतं. पेटीची सवय असलेल्या हातात ही अडचण नेहमी आढळते.

डाव्या हाताचं तसंच. तो इतकी वर्षं भात्यावर होता, त्याची बोटं स्वतंत्र चालायला शिकलीच नाहीत. त्याला आधी कॉर्ड सलग देऊ नका. बी, डी, एफ, ए ही पांढरी कॉर्ड ५, ३, २, १ अशी एकेक स्वर करून, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, दर ठोक्याला एक स्वर. चौथ्या ठोक्याला चारही पट्ट्या दाबलेल्या हव्यात, पहिला स्वर सुटलेला नको. हे न अडखळता झालं की डीवरची, मग ईवरची, मग एवरची, आणि त्यानंतरच चारही स्वर एकदम. पट्टीची उंची बदलली तरी हात तसाच राहायला शिकतो, कारण या तिन्ही कॉर्ड्समध्ये एकच काळी पट्टी येते.

प्रश्न : डाव्या हाताने खाली डीवरची फ्लॅट फाइव्ह वाजवली की नुसता गोंगाट वाटतो. तीच उजव्या हाताने वर छान वाटते. पियानोचा सूर गेलाय का? (एक वाचक, मंगळवार पेठ)

सूर गेला असता तर सप्तकं आणि साधे पंचमसुद्धा खराब वाटले असते. ते चांगले वाटत असतील तर दोष जागेचा आहे. मधल्या सीच्या दोन सप्तकं खालच्या सीला लागून असलेला डी ७३ हर्ट्झच्या आसपास वाजतो आणि त्याच्या वरचा एफ ८७ च्या आसपास. दोघांत चौदाच हर्ट्झचं अंतर. इतकी जवळची कंपनं कान वेगळी करू शकत नाही, त्यांची घरघर ऐकू येते. त्यात ए फ्लॅट आणि सीची भर पडली की काय वाजतंय तेच कळत नाही. मधल्या सीच्या आसपास त्याच दोन स्वरांमधलं अंतर चौपट होतं आणि कॉर्ड स्वच्छ होते.

ढोबळ मर्यादा अशी धरा: मधल्या सीच्या एक सप्तक खालच्या सीखाली चारही स्वर जवळजवळ ठेवू नका. तिथे डाव्या हाताला मूळ स्वर आणि सातवा एवढंच द्या, किंवा मूळ स्वर, बदललेला पंचम आणि सातवा. डीवर हे डी, ए फ्लॅट, सी असं होतं, बोटं ५, २, १. राहिलेला एफ उजव्या हाताने वरच्या सीच्या पलीकडे घ्या. स्वर तेच चार, पण ही मोकळी मांडणी पियानोवर खूपच भरदार लागते आणि उजव्या हाताची बाकी बोटं चालीसाठी मोकळी राहतात. उजव्या हाताला आणखी एक स्वर घालायचा असेल तर जी घाला. मूळ स्वराला लागून असलेला ई फ्लॅट मात्र घालू नका, तो डीशी भांडतो.

तुमचा पियानो लाकडी असेल तर जून ते सप्टेंबरात एक गोष्ट वेगळी तपासा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पट्ट्यांच्या आतलं फेल्ट फुगतं आणि एखादी पट्टी हळू वर येते. ती कॉर्डमधली असेल तर पुढच्या कॉर्डमध्येही तिचा स्वर रेंगाळतो. पेडल न दाबता पट्ट्या एकेक करून सोडून बघा, लगेच लक्षात येईल.

प्रश्न : सीवरच्या कॉर्डमध्ये जी फ्लॅट का लिहायचं? पट्टी तर एफ शार्पचीच आहे. (एक विद्यार्थी, गडहिंग्लज)

कारण तो सरकलेला पंचम आहे आणि सीचा पंचम जी. कॉर्डमध्ये एक सोडून एक अक्षर येतं: सी, ई, जी, बी. त्यातल्या जीला खाली आणलं की जी फ्लॅट. एफ शार्प लिहिलंत तर कॉर्डमध्ये जी उरत नाही, आणि स्टाफवर (स्वरलिपीच्या पाच रेघांवर) ठिपके एकावर एक समान अंतराने न येता दोन चिकटून दिसतात. वाचणाऱ्याचा हात तिथे अडखळतो. एफवरच्या कॉर्डमध्ये याच कारणाने सी फ्लॅट लिहितात, जरी बोट बीच्या पांढऱ्या पट्टीवर पडत असलं तरी.

प्रश्न : ऑर्केस्ट्रात अरेंजर कीबोर्ड वाजवतो. डाव्या हाताने सी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह दिली की पडद्यावर ई फ्लॅट मायनर सिक्स्थ दिसतं आणि बासही ई फ्लॅटचाच वाजतो. मशीन बिघडलंय का? (एक वाचक, कागल)

मशीन ठीक आहे. सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट या चार पट्ट्यांची दोन नावं आहेत. खाली सी असेल तर सी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, खाली ई फ्लॅट असेल तर ई फ्लॅट मायनर सिक्स्थ. पियानोवर कोणतं नाव खरं ते बास ठरवतो. अरेंजर कीबोर्डमध्ये बास मशीन स्वतः वाजवतं, त्यामुळे तुम्ही कोणती पट्टी सर्वांत खाली दाबली यावरून त्याला अंदाज बांधावा लागतो. तुम्ही बहुधा हाताला सोपं पडतं म्हणून पहिलं इन्व्हर्जन देत आहात.

स्प्लिटच्या, म्हणजे कीबोर्डचा कॉर्डचा भाग जिथे संपतो त्या पट्टीच्या, डावीकडे मूळ स्थितीच द्या, सी सर्वांत खाली, ५, ३, २, १. अनेक कीबोर्डांत कॉर्ड ओळखण्याच्या पद्धतीत ‘फिंगर्ड ऑन बास’ असा पर्याय असतो. तो लावला की सर्वांत खालची पट्टीच बास म्हणून घेतली जाते आणि इन्व्हर्जन वापरायचं स्वातंत्र्यही मिळतं. एका-दोन बोटांच्या सोप्या पद्धतीत या कॉर्डची अपेक्षा ठेवू नका, चार स्वर दाबल्याशिवाय ती ओळखता येत नाही. शार्प फाइव्हचं नाव पडद्यावर आलं नाही तर पडद्यावर नव्हे, बोटांवर विश्वास ठेवा: ती त्याच पट्ट्यांवरची ए फ्लॅट मेजर आणि नववा स्वर, खाली सी, अशीही वाचली जाते.

प्रश्न : कॉर्ड बांधता येते, वाजवताही येते. पण गाण्यात ती नेमकी कुठे घालायची? मायनरमधल्या भावगीताला आणि मालकंसातल्या चालीला वेगवेगळं सांगा. (एक वाचक, जयसिंगपूर)

फ्लॅट फाइव्ह कॉर्ड मायनरमध्ये दुसऱ्या पायरीवर बसते आणि तिचा ओढा पाचवीकडे असतो. सी मायनरमध्ये डी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, मग जी सेव्हन फ्लॅट नाइन, मग सी मायनर. बोटं ठरवताना एकेकट्या कॉर्डचा विचार करू नका, पुढच्या कॉर्डकडे बघून ठरवा. बहुतेकांचा गाडा अडतो तो इथेच: प्रत्येक कॉर्ड मूळ स्थितीत शिकलेली असते, म्हणून हात दर वेळी उचलून पाचसहा पट्ट्या पलीकडे न्यावा लागतो.

असं करून बघा. डाव्या हाताने नुसते मूळ स्वर: डी अंगठ्याने, खालचा जी करंगळीने, सी तर्जनीने. उजव्या हाताने मधल्या सीच्या वर एफ, ए फ्लॅट, सी, बोटं १, २, ५. दुसऱ्या कॉर्डला एफ आणि ए फ्लॅट जागचे हलवू नका, फक्त सी सोडून बी घ्या, अनामिकेने. बोटं १, २, ४. तिसऱ्या कॉर्डला एफ खाली ई फ्लॅटवर, ए फ्लॅट खाली जीवर आणि बी परत वर सीवर, बोटं पुन्हा १, २, ५. एकही बोट दोन पट्ट्यांपेक्षा जास्त सरकत नाही. वरचा स्वर सी, बी, सी असा हेलकावा घेतो आणि तो गायकाच्या कानाला लगेच कळतो.

गायकाची पट्टी काळी एक असेल तर हेच डी शार्पवरून सुरू होतं. डाव्यात डी शार्प, उजव्यात एफ शार्प, ए, सी शार्प. इथे अंगठा काळ्यावर नेण्याची गरज नाही: २, ३, ५ घ्या. पुढच्या कॉर्डला डाव्यात जी शार्प आणि उजव्यात फक्त सी शार्प सोडून पांढरी एक, अनामिकेने. पेडल वापरत असाल तर नव्या कॉर्डच्या पट्ट्या दाबल्यावर लगेच पेडल उचलून पुन्हा दाबा. पट्ट्यांबरोबरच उचललंत तर दोन कॉर्ड्समध्ये भोक पडतं, आणि उचललंच नाही तर सी आणि बी एकमेकांत मिसळतात, म्हणजे ज्या हालचालीसाठी सगळा खटाटोप केला तीच ऐकू येत नाही.

मालकंसात हे सगळं बाजूला ठेवा. जी सेव्हनमध्ये पंचम, शुद्ध निषाद आणि रिषभ येतात आणि मालकंसात तिन्ही वर्ज्य किंवा परके आहेत. चालीखाली ही कॉर्ड घातली की रागाचा रंग जातो, मग ती कितीही सफाईने वाजवा. तिथे शार्प फाइव्ह कामाला येते. डाव्यात सा आणि मध्यम, सी आणि एफ, बोटं ५ आणि २. उजव्यात कोमल ग, कोमल ध, कोमल नी, म्हणजे काळी दोन, काळी चार, काळी पाच, बोटं २, ४, ५. कॉर्ड बदलायची घाई नको. एका आवर्तनाला एकदा, हलक्या हाताने, आणि गायक मध्यमावर थांबला की उजवा हात उचलून घ्या. मधुकंसातल्या चालीला फ्लॅट फाइव्ह शोभते, पण गायक पंचमावर ठेहराव घेईल तेव्हा तीव्र मध्यमावरचं बोट उचला. दोघांत एकाच सेमीटोनचं अंतर आहे आणि लांब स्वराखाली ते टोचतं.

प्रश्न : कॉर्डच्या पुढे नुसतं ‘ऑल्ट’ लिहिलेलं असतं, तेही मायनर सेव्हन्थचंच का? (एक वाचक, कळंबा)

नाही. जी सेव्हन ऑल्ट म्हणजे डॉमिनंट सेव्हन्थ: तिसरा स्वर बी, शुद्धच, आणि पंचम व नववा खाली किंवा वर सरकवलेले. तिथे बी फ्लॅट तिसरा म्हणून दाबलात तर पुढे सी मायनरकडे जाणारा ओढा नाहीसा होतो. मायनर सेव्हन्थमध्ये पंचम बदलायचा असेल तर कॉर्डशीटवर फ्लॅट फाइव्ह किंवा शार्प फाइव्ह असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सुरुवातीला ऑल्टसाठी डाव्यात जी, उजव्यात एफ, ए फ्लॅट, बी आणि ई फ्लॅट घ्या, बोटं १, २, ३, ५. एफ, ए फ्लॅट, बी हे वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या कॉर्डचेच स्वर आहेत. फक्त तिथे ४ ने घेतलेला बी इथे ३ ने घ्यायचा, म्हणजे ई फ्लॅटसाठी करंगळी मोकळी राहते.